कुठून आणलंस?

मल्हारने मला अर्ध्या तासात दोन उत्तरं दिली. पहिलं हसत हसत दिलं. "अगं आत्या, सज्जनगडावरून आणलं. कड्याला लटकत होतं, एक फांदी तोडून घेतली." दुसरं उत्तर द्यायला त्याने स्वतःहून परत फोन केला, आणि या वेळी आवाज जरा जपून लावलेला होता. "आत्या, मघाशी मी चुकीचं सांगितलं बरं का. ते गडावरचं नाही. साताऱ्याहून येताना रस्त्यात एक नर्सरी लागली होती, तिथून घेतलं." मी "बरं" म्हटलं आणि फोन ठेवला. गच्चीवर सप्टेंबरचं ते बोचरं ऊन होतं, दोरीवर चादरी वाळत होत्या, आणि समोरच्या कुंडीत ते फूल होतं. त्या अर्ध्या तासात झालं होतं इतकंच, की ते झाड कोणतं आहे हे मी त्याला सांगितलं होतं.

ही फांदी आमच्याकडे आली डिसेंबरात. मल्हारचं लग्न झालं, आणि आमच्यात नव्या जोडप्याने जेजुरीला जाऊन यायचं असतं. इंदुरात चार पिढ्या गेल्या तरी ते सुटलेलं नाही. जेजुरी झाली, मग ऋताच्या आजीने सांगितलं म्हणून दोघं सज्जनगडालाही जाऊन आली. परत आल्यावर सकाळी सातला मल्हार एका हातात गरम पोह्यांचा पुडा आणि दुसऱ्या हातात स्टीलचा डबा घेऊन दारात उभा. डब्यात खोबऱ्याचे तुकडे, फुटलेली भंडाऱ्याची पुडी, आणि ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली ही फांदी. डबा उघडला तशी माझी बोटं, ओटा, वर्तमानपत्र, सगळं पिवळं झालं. फांदी वीतभर लांब, करंगळीएवढी जाड, हिरवट करड्या रंगाची. टोकाला तीन-चार मांसल पानं, पिवळी पडायला आलेली. तुटलेल्या टोकाला भंडारा घट्ट चिकटला होता. तो पुसायला गेले आणि थांबले. आई गुलाबाचं कलम लावताना टोकाला हळद लावायची. म्हटलं, राहू दे.

आमच्याकडची काळी माती पाणी धरून बसते, अशा मांसल झाडांना ती सोसत नाही. म्हणून जाड वाळू आणली, विटेचा चुरा कुटला, त्यात थोडीशीच माती मिसळून कुंडी भरली आणि भंडाऱ्यासकट फांदी खोचली. फेब्रुवारीत होती नव्हती ती पानं गळली. मे महिन्यात तर ती शेवग्याच्या वाळक्या शेंगेसारखी सुरकुतली. वहिनी म्हणाली, "वन्सं, कशाला कुंडी अडवून ठेवली आहे, फेकून द्या की." मी फेकली नाही, त्यामागे काही श्रद्धा वगैरे नव्हती, गच्चीवर दुपारी जायचाच कंटाळा होता. जूनच्या शेवटी पहिला मोठा पाऊस झाला आणि चार दिवसांनी बघते तर फांदीच्या टोकाला मोहरीएवढे हिरवे ठिपके. जुलैभर पानं येत राहिली, जाडसर, गुळगुळीत, आतून पाण्याने भरलेली. फांदीला फांद्या फुटल्या आणि त्या कुंडीच्या काठावरून खाली उतरायला लागल्या. वर चढायची ओढच नाही त्या झाडाला. जिथे काठ सापडेल तिथून ते खाली झेपावतं.

सप्टेंबरात फूल आलं. रुपयाएवढी पाच टोकांची चांदणी. रंग गडद, जांभळट तांबडा. माझी सगळी नोकरी पॅथॉलॉजी लॅबमध्ये गेली, तेव्हा मला तो रंग पाहताच वाळलेलं रक्त आठवलं, आणि मला ते वाईट वाटत नाही. तो माझ्या भाकरीचा रंग आहे. त्या गडद रंगावर पिवळे ठिपके. पहिल्यांदा वाटलं भंडाराच उडालाय. बोटाने पुसून पाहिला. पुसला गेला नाही.

फोटो घरच्या ग्रुपवर टाकला, सगळ्यांनी हात जोडले, आणि मी खाली राहणाऱ्या सरांना वर बोलावलं. सर वनस्पतिशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. आमच्या रामबागेतल्या गल्लीत कोणाच्या अंगणात काहीही उगवलं तरी त्यांना हाक जाते. गुडघ्यांमुळे त्यांना दोन जिने चढायला पाच मिनिटं लागली. कुंडीजवळ आल्यावर ते बोलेचनात. चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, कठड्याला धरून वाकले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "हे इथे कसं?"

त्यांच्या आवाजात कौतुक नव्हतं. परगावचं मूल एकटंच फलाटावर दिसलं तर आपण जसं विचारू, तसं त्यांनी विचारलं.

हे शिवसुमन. डॅल्झेल नावाच्या स्कॉटिश वनस्पतिशास्त्रज्ञाने १८६५ मध्ये जुन्नर भागातल्या डोंगरावरून याची शास्त्रात पहिली नोंद केली आणि मुंबईचे तेव्हाचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांचं नाव त्याला दिलं, फ्रेरिया इंडिका. आता अभ्यासकांनी त्याला दुसऱ्या प्रजातीत नेऊन बसवलं आहे, पण गव्हर्नरसाहेबांचं नाव नव्या नावातही राहिलंच. मला आपलं मराठी नाव जास्त पटतं, कारण ते शिवनेरीवरून आलं आहे. म्हणजे नावातच पत्ता आहे. शिवनेरी, पुरंदरचा परिसर, सज्जनगड, रंधा धबधबा, महाबळेश्वरकडचे कडे, अशी हाताच्या बोटांवर मोजावीत इतकी ठिकाणं, आणि त्या ठिकाणीही सगळ्या डोंगरावर नाही. उभ्या कड्याच्या बेचक्यात, जिथे मूठभर माती साचते, पाणी थांबत नाही आणि शेळीचं तोंड पोचत नाही, तिथे. एवढं सोडलं तर अख्ख्या पृथ्वीवर ते आपणहून कुठेच उगवत नाही. १९८० च्या दशकात जगातल्या सर्वांत धोक्यात असलेल्या बारा वनस्पतींमध्ये त्याचं नाव घेतलं गेलं होतं. हे रुईच्या कुळातलं. माळरानावर मिळणारं माकडशिंग त्याचं जवळचं नातलग. सर म्हणाले, या गोतावळ्यात कोणी नीट पानं धरत नाही, सगळी नुसती मांसल दांडकी. हे एकटंच पावसाळ्यात अशी भरगच्च पानं धरतं आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी टाकून देतं. मला फेब्रुवारीतली माझी कुंडी आठवली. ते मरत नव्हतं. ते आपल्या कड्यावरचा उन्हाळा इथे काढत होतं.

मग मी मल्हारला फोन लावला, आणि ती दोन उत्तरं आली.

दोन्ही खरी असू शकत नाहीत, आणि एवढ्यातेवढ्यावरून मला झोप लागेना. घरच्यांना याचं आश्चर्य वाटलं. झाड जगलं, फुललं, आता कुठून आलं याने काय फरक पडतो? मला पडतो. तीस वर्षं मी दुसरं काही केलं नाही. लॅबमध्ये नमुना आला की आधी बाटलीकडे बघायचं नाही, चिठ्ठीकडे बघायचं. नाव, वय, तारीख, वेळ, कोणी काढलं. बाटलीतलं रक्त कितीही चांगलं असो, चिठ्ठी नसेल तर तो नमुनाच नाही. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी, रात्रपाळीला, वॉर्डमधून एक बाटली चिठ्ठीशिवाय आली. घेऊन येणारा म्हणाला, सात नंबरची. मी पेन उचलला तसा म्हणाला, नाही नाही, अकरा नंबरची. मी पहिलं उत्तर धरलं, कारण पहिलं उत्तर माणूस विचार न करता देतो. ते चुकीचं निघालं. सकाळी राउंडला डॉक्टरांच्या लक्षात आलं आणि अनर्थ टळला, पण सात नंबरचे आजोबा रात्रभर उगाच उपाशी राहिले होते, आणि अकरा नंबरच्या बाईंना पुन्हा सुई टोचावी लागली. त्या बाईंनी हात पुढे केला आणि तोंड भिंतीकडे वळवलं, ते मला अजून दिसतं. माझ्यावर कोणी ओरडलं नाही. ओरडले असते तर कदाचित विसरले असते.

त्यामुळे पहिलं उत्तर खरंच असतं असंही मला म्हणता येत नाही.

सरांशी यावर पुष्कळ बोलणं झालं. संध्याकाळी ते खाली ओट्यावर बसतात, मी चहा घेऊन जाते. त्यांचं म्हणणं असं की नर्सरीतलं असणं अशक्य नाही. शिवसुमन कड्यावर जितकं दुर्मिळ, कुंडीत तितकंच सोपं. फांदी खोचली की लागते. परदेशातल्या हौशी लोकांच्या काचघरांत ते आहे, आपल्या वनस्पतिशास्त्रज्ञांनीही कलमं वाढवून ते डोंगरउतारांवर परत लावलं आहे. मी चहाचा कप हातात धरून बसले. हे मला कळायला वेळ लागला. एखादी गोष्ट एकाच वेळी सोपी आणि संपत आलेली कशी असेल? सर म्हणाले, झाड वाढवणं सोपं आहे हो, कडा वाढवता येत नाही. दरड कोसळते, वणवा लागतो, गुरं-शेळ्या पोचतात, माणसं पोचतात. बियांना तर पंख आहेत. रुईच्या म्हाताऱ्या उडतात ना, तशाच रेशमी शेपटीच्या बिया याच्या शेंगांतून वाऱ्यावर निघतात. दरवर्षी निघत असतील, सातारच्या पठारावर, शेतांवर, धरणाच्या पाण्यावर पडत असतील. आणि तरी ते दीडशे वर्षांपूर्वी जसं कड्यांवर सापडलं तसंच आजही कड्यांवर. पंख असून घर सोडता न येणारं झाड.

मधल्या एका रविवारी आम्ही पाताळपाणीला गेलो. पाऊस नुकता सरला होता, धबधबा अजून दणदणीत होता, आणि मी पाण्याकडे न बघता कड्याकडे बघत उभी. काळा दगड, थरावर थर, मधल्या भेगांत गवताची हिरवी झालर. हा तोच दगड आहे. सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जो लाव्हा पसरत गेला, त्याचाच सह्याद्री झाला आणि त्याचंच हे माळव्याचं पठार. शिवनेरी ज्याची, त्याच दगडाची ही दरी. बेचक्या तशाच, शेळी पोचणार नाही असे कोपरे तसेच. माझ्या मनात आलं ते सांगते. मनात आलं की पुढच्या जूनमध्ये दोन फांद्या आणाव्यात आणि इथे एका भेगेत खोचून द्याव्यात. कुंडीपेक्षा बरं नाही का? उद्या तिकडचा एखादा कडा ढासळला तर इथे तरी असेल. सबंध परतीच्या वाटेवर मला ती कल्पना इतकी गोड वाटत होती की घरी येऊन चपला काढायच्या आधी मी सरांच्या ओट्यावर गेले.

सर एवढे चिडलेले मी कधी पाहिले नव्हते. म्हणाले, "ताई, तुम्ही लॅबमधल्या ना? मग दगडावर खोटी चिठ्ठी चिकटवायला निघालात, हे कळतंय का तुम्हाला? पन्नास वर्षांनी कोणी पोरगा येईल, त्याला ते दिसेल, तो लिहील की इंदूरजवळही हे निसर्गतः आढळतं. मग त्यावर पुढचे लोक नकाशे काढतील." आणि मग त्यांनी रानपिंगळ्याची गोष्ट सांगितली. ती त्यांनी वर्गात शंभरदा सांगितली असणार, पण त्या दिवशी ती माझ्यासाठी होती.

आपल्या घराजवळ रात्री चिरकतो तो साधा पिंगळा. आजी त्याच्या बोलण्यावरून शकुन काढायची. रानपिंगळा वेगळा, तो फक्त मध्य भारतातल्या जंगलांतला. डोक्यावर ठिपके जवळजवळ नाहीत, अंगाने भक्कम, आणि दिवसाउजेडी सागाच्या फांदीवर ऊन खात बसणारा. ब्लेविट नावाच्या माणसाने १८७२ मध्ये पहिला नमुना मिळवला, ह्यूमने पुढच्या वर्षी त्याचं वर्णन केलं. जगभरच्या संग्रहालयांत मिळून अवघे सात नमुने. शेवटचा खरा नमुना १८८४ चा, खानदेशातला, जेम्स डेव्हिडसन या अधिकाऱ्याने घेतलेला. त्यानंतर पक्षी दिसेनासा झाला. एकच नोंद नंतरची होती, १९१४ ची, तापीकाठच्या मांडवीची, कर्नल माइनर्ट्झहागेन यांच्या नावावरची. त्या चिठ्ठीवर भरवसा ठेवून लोकांनी तिकडची जंगलं धुंडाळली. पक्षी मिळाला नाही. मिळणार कसा? पामेला रासमुसेन या अमेरिकन पक्षितज्ज्ञ बाईंनी तो नमुना बारकाईने तपासला, तेव्हा कळलं की पक्षी भरण्याची पद्धत त्या कर्नलच्या हातची नाहीच, ती डेव्हिडसनच्या हातची आहे. कर्नलसाहेबांनी डेव्हिडसनचाच जुना पक्षी संग्रहालयातून उचलला होता, उसवून पुन्हा भरला होता, आणि त्याच्या पायाला स्वतःची चिठ्ठी बांधली होती. जुन्या, खऱ्या चिठ्ठ्यांवरची ठिकाणं धरून रासमुसेन आणि त्यांचे सोबती फिरले, आणि २५ नोव्हेंबर १९९७ ला आताच्या नंदुरबार जिल्ह्यात शहाद्याजवळ, सकाळच्या उन्हात, बिनपानांच्या झाडावर रानपिंगळा बसलेला दिसला. ११३ वर्षांनी. पुढे तो मेळघाटात मिळाला, डांगात मिळाला, आणि आपल्या खंडव्याच्या जंगलातही मिळाला. सरांनी तो खंडव्यालाच पाहिला आहे. सांगताना त्यांनी मान कशी वळवली, डोळे कसे मोठे केले! सत्तरीच्या माणसाचा क्षणभर पक्षी झाला.

मला त्या गोष्टीतला कर्नल रात्रभर छळत राहिला. माणूस पक्षी चोरतो ते एक वेळ समजू शकते. संग्रह करणाऱ्यांना ती भूक असते. पण खोटं गाव लिहिताना त्याचा हात कसा चालला असेल? शाईत टाक बुडवला असेल, गाव लिहिलं असेल, तारीख लिहिली असेल, फुंकर मारून वाळवली असेल. ज्या जिवाचं अख्खं राहणं चार जंगलांत, त्याचं गाव बदललं की त्याला हरवायलाच पाठवलं. नंतर शोधणारी माणसं प्रामाणिक होती, मेहनती होती, आणि नसलेल्या पत्त्यावर दार ठोठावत होती.

आपल्याकडे तर पत्ता आडनावातच शिवलेला असतो. ज्यांच्या राजवाड्यासमोरून मी रोज नोकरीला गेले ते होळकर म्हणजे नीरेकाठच्या होळ गावचे. शेकडो कोस उत्तरेला येऊन राज्य केलं, आणि गाव नावातून काढलं नाही. आमच्या आडनावात गाव नाही. लहानपणी पुण्याच्या पाहुण्यांनी "मूळचे कुठले तुम्ही?" असं विचारलं की वडील म्हणायचे, साताऱ्याकडचे. काका तिथेच बसलेले असले तर म्हणायचे, नाही, नगरकडचे. दोघेही ठामपणे. आम्ही मुलं हसायचो. पुण्याची भावंडं आमच्या "काय करून राहिली" या बोलण्याला हसायची आणि आम्ही या दोन गावांना. आता दोघेही नाहीत, आणि विचारायला कोणी उरलं नाही. कधी कधी वाटतं की त्या दोघांपैकी एकाने तरी एखादा कागद जपून ठेवायला हवा होता.

मल्हारचा राग मला आला नाही हे इथे लिहून ठेवते. आला असता तर सोपं झालं असतं. तो लहान असताना माझ्याच मागे मागे गच्चीवर यायचा, शेवंतीच्या कुंड्यांना पाणी घालायचा, घालता घालता माती उकरून गांडुळं बघायचा. गडावर उन्हात चालताना कड्याला लटकलेलं काहीतरी दिसलं आणि त्याला आधी आत्या आठवली. आणि दुसरं उत्तर त्याने दिलं असेल तेही माझ्यासाठीच दिलं असेल, मला बरं वाटावं म्हणून. त्या फांदीत दोन्ही वेळा मायाच होती. हेच तर मला पेलत नव्हतं. रोज सकाळी मी वर जायची, नवीन कळी आली का बघायची, बारीक माश्या फुलावर बसलेल्या बघायची, नाक अगदी टेकवलं तर येणारा किंचित कुबट वास घ्यायची, आणि आनंदाने पोट भरून यायचं. मग लगेच डोळ्यांपुढे तो कडा यायचा, जिथे कदाचित एक फांदी कमी आहे.

नवरात्रात शेजारच्या गच्चीवरून शर्माबाईंनी हाक मारली, "मौसी, एक डाली हमको भी देना, कितना सुंदर है!" मी कात्री आणायला म्हणून आत गेले आणि स्वयंपाकघरात नुसती उभी राहिले. द्यायला काही हरकत नव्हती, झाड आता भरगच्च होतं. पण देताना काय सांगू? त्यांच्याकडून त्यांच्या लेकीकडे जाईल, भोपाळला, तिथून आणखी कुठे. चार हात बदलले की ते नुसतं "एक सुंदर झाड" होईल. मी बाहेर येऊन "दिवाळीनंतर देते" म्हणाले. त्या "कोई बात नहीं" म्हणाल्या. मला मात्र चोरटं वाटलं.

भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी ऋता एकटीच आली. फराळाचा डबा द्यायला म्हणून. बसली, अनारसा खाल्ला, इकडचं तिकडचं बोलली. ती अजून आमच्या घरात जपून पावलं टाकते. मग म्हणाली, "आत्या, ते झाड बघू?" वर गेलो. फुलं संपली होती. एका फांदीवर शेंगांची जोडी धरली होती, बारीक, टोकदार, शिंगांसारखी. ती बराच वेळ शेंगांना बोट लावून उभी राहिली आणि मग पर्समधून फोन काढला. म्हणाली, "मला सारखं वाटत होतं की तुम्हाला दाखवावं. त्याला सांगून आले आहे."

पहिल्या फोटोत मल्हारची पाठ. पायऱ्यांच्या वाटेपासून जरा बाजूला, एका हाताने वाळलेल्या गवताचा झुबका धरून तो कड्याकडे वाकलाय. समोर काळा दगड, दगडात आडवी भेग, आणि भेगेतून खाली लोंबणाऱ्या पाच-सहा फांद्या, टोकांना पिवळी पडत चाललेली पानं. खाली दूरवर उरमोडीच्या धरणाचं पाणी. दुसऱ्या फोटोत तो कॅमेऱ्याकडे तोंड करून हसतोय आणि फांदी त्याच्या मुठीत आहे. मी पहिल्या फोटोवर परत गेले, दोन बोटांनी तो मोठा केला, फांद्या मोजल्या. मग दुसरा मोठा केला, आणि त्याच्या खांद्यामागे दिसत होत्या तेवढ्या पुन्हा मोजल्या.

"त्याला माहीत नव्हतं हो," ऋता म्हणाली. "माहीत असतं तर नसती तोडली."

"ठाऊक आहे मला," मी म्हणाले, आणि ते मनापासून म्हणाले. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. फोटोवरची तारीख वाचायला सांगितली.

ती गेल्यावर मी कपाटातून माझी जुनी पेटी काढली. निवृत्त होताना उरलेल्या चिकटपट्ट्यांची एक गुंडाळी आणि काचेवर लिहायचा पेन त्यात अजून आहे. तो पाण्याने जात नाही, उन्हाने उडत नाही. आइस्क्रीमच्या तीन काड्या धुवून वाळवल्या. एक माझ्या कुंडीसाठी, एक शर्माबाईंच्या, एक जास्तीची. अक्षर लॅबमधलं काढलं, सुटं आणि उभं. नाव: शिवसुमन. ठिकाण: सज्जनगड, जिल्हा सातारा, पायऱ्यांच्या वाटेलगतचा कडा. तारीख लिहिली. मग शेवटची ओळ आली, नमुना कोणी घेतला. तिथे पेन थोडा थांबला आणि मग तीही लिहिली. तिन्ही काड्यांवर.

शर्माबाईंना फांदी दिली तेव्हा टोकाला हळद लावून दिली आणि काडी हातात देऊन सांगितलं, ही कुंडीतून काढायची नाही, फांदी पुढे कोणाला दिली तर हीसुद्धा नकलून द्यायची. त्यांनी ती चष्मा लावून वाचली. "ये मल्हार, अपना मल्हार?" मी हो म्हटलं.

रात्री त्याचाच फोन आला. ऋताने सांगितलं असणार. बराच वेळ तो नोकरीचं, पावसाचं, नव्या गाडीचं बोलत राहिला. मग गप्प झाला. मीही गप्प राहिले.

"आत्या, काडीवर माझं नाव घातलंस?"

"घातलं."

"बरं केलंस," तो म्हणाला.